भूकंप केवढा? पाइपला विचारा!



कोठे भूकंप झाला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एक आकडा ठळक अक्षरांत छापून येतो. मग धरण असो, कारखाना असो की अणुवीजकेंद्र असो, सगळे एकच प्रश्न विचारू लागतात : “हे किती रिश्टरपर्यंत टिकेल?” सभेत वक्ते हेच विचारतात, दूरचित्रवाणीवर वार्ताहर हेच विचारतात आणि माझ्या वर्गातली हुशार मुलेही हेच विचारतात. माझे मत विचाराल तर या प्रश्नाला उत्तरच नाही. तो सोडून द्यावा आणि त्याच्या जागी दुसरा, थोडा अवघड पण खरा प्रश्न विचारायला तुम्ही आतापासून शिकावे, एवढ्यासाठी हा लेख लिहीत आहे.

रिश्टरचा आकडा जमिनीच्या पोटात भूकंप जेथे उगम पावतो तेथली हकीकत सांगतो. तुमच्या घराच्या पायाशी जमीन किती हलली आणि कशी हलली, हे तो सांगत नाही. कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) आणि किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३) या दोहोंचे आकडे साधारण सहा ते साडेसहाच्या घरातले. कोयनेत सुमारे १८० माणसे दगावली, तर किल्लारीच्या परिसरात आठ हजारांच्या आसपास. वस्ती वेगळी, जमीन वेगळी, घरांच्या भिंती वेगळ्या. आकडा मात्र जवळजवळ तोच.

बरे, पायाशी जमीन किती हलली ते मोजले, तरी भागते का? तेही नाही. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल वाजू लागले की घरातल्या मांडणीवरचे एखादेच भांडे थरथरू लागते. शेजारचे भांडे गप्प असते. ढोल दोघांसाठी एकच, मांडणीही एकच. मग हा पक्षपात का? कारण प्रत्येक वस्तूला स्वतःचा एक ताल असतो. तिला धक्का देऊन सोडले की ती ज्या गतीने डोलते तो तिचा नैसर्गिक दोलनकाल. बाहेरचा ताल त्याच्याशी जुळला की डोलणे वाढत जाते. याला आपण अनुस्पंदन म्हणतो. परीक्षेत तुम्ही त्याची व्याख्या लिहिता आणि ‘सैनिक पुलावरून जाताना पावलांचा ताल मोडतात’ हे उदाहरण देता. आमच्या पाठ्यपुस्तकांनी ते उदाहरण इतके घासून गुळगुळीत केले आहे, की अनुस्पंदन ही फक्त सैनिकांची अडचण आहे असे मुलांना वाटावे!

त्यापेक्षा हा प्रयोग करा. लोखंड कापायच्या करवतीची चार जुनी पाती घ्या आणि दातांवर चिकटपट्टी लावा, म्हणजे हात कापणार नाही. एका जाड फळीवर ती एका ओळीत उभी पक्की बसवा. वर मोकळी राहिलेली लांबी अनुक्रमे १२, १६, २० आणि २५ सेंटिमीटर असू द्या. प्रत्येकाच्या टोकाला लिंबाएवढा ओल्या मातीचा सारखाच गोळा लावा. आता फळी टेबलावर पुढे-मागे सरकवू लागा. हात सावकाश हलवाल तेव्हा लांब पाते जोरात डोलेल, आखूड पाते जणू फळीचाच भाग असल्यासारखे राहील. हाताचा वेग वाढवत न्या. लांब पाते हळूहळू उत्साह सोडील आणि पुढच्या पात्याची पाळी येईल.

आता खरी गंमत. फळी दहा सेकंद कशीही, वेडीवाकडी हलवा. भूकंपात जमीन अशीच हलते, शाळेच्या घंटेसारखी एका तालात नाही. चार मित्रांना चार पात्यांवर नजर ठेवायला सांगा. प्रत्येकाने एकच गोष्ट टिपायची : आपले पाते जास्तीत जास्त किती झुकले? केव्हा झुकले, कोणत्या बाजूला झुकले, ते विसरून जायचे. मग आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर प्रत्येक पात्याचा दोलनकाल मांडा, उभ्या अक्षावर त्याचे सर्वांत मोठे झुकणे मांडा आणि बिंदू जोडा. जी रेघ मिळेल तिला भूकंप अभियंते ‘रिस्पॉन्स स्पेक्ट्रम’ म्हणतात. मराठीत आपण प्रतिसाद-वर्णपट म्हणू. त्यात रंग कोठेच नसतात. पण लोलक जसा पांढऱ्या प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवतो, तशीच ही पाती एका गोंधळातले ताल वेगळे करून दाखवतात.

ही कल्पना जुनी आहे. जपानमध्ये क्योजी सुएहिरो यांनी १९२६ च्या सुमारास निरनिराळ्या दोलनकालांचे तेरा लोलक एकत्र बसवलेले यंत्र तयार केले. अमेरिकेत मॉरिस बायो यांनी १९३२ साली आपल्या प्रबंधात तिला गणिताचे रूप दिले आणि पुढे जॉर्ज हाउसनर यांनी ती अभियंत्यांच्या रोजच्या वापरात आणली. आपल्याकडे रुरकीच्या भूकंप अभियांत्रिकी विभागाने सहा लोलकांची साधी यंत्रे करून ठिकठिकाणी ठेवली. त्यांना वीज लागत नाही. भूकंप झाला की लोलक आपल्या डोलण्याचा ओरखडा स्वतःच काढून ठेवतो. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपात कच्छमधल्या अशा यंत्रांनी फार मोलाची नोंद दिली. तुमची फळी आणि ही यंत्रे यांच्या तत्त्वात काही फरक नाही.

आता थोडे कोयनेकडे पाहा. त्या भूकंपात धरणातल्याच एका यंत्राने जमिनीच्या त्वरणाची नोंद केली. धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट आणि नदीच्या प्रवाहाच्या दिशेने ०.४९ पट! धरणाचा आराखडा करताना ०.०५ पट एवढेच आडवे बल धरले होते, आणि तेही पायापासून माथ्यापर्यंत सारखेच. दहापट धक्का बसूनही धरण उभे राहिले. भेगा पडल्या त्या वरच्या भागात, जेथे मागच्या बाजूचा उतार बदलतो तेथे. धरण हा काही जमिनीबरोबर सरकणारा निर्जीव ठोकळा नव्हे. सर्वांत उंच भागाचा दोलनकाल सेकंदाच्या सुमारे एक तृतीयांश भरतो, म्हणजे माथा पायापेक्षा कितीतरी जास्त हलतो. एका आकड्याचा आराखडा हे सांगू शकला नसता. वर्णपट सांगतो.

एवढे समजले की पाइपकडे वळता येते. तुम्ही म्हणाल, धरण, मनोरे सोडून पाइप कशाला? कारण मोठ्या वीजकेंद्रात किंवा रसायनांच्या कारखान्यात भिंती उभ्या राहिल्या एवढ्याने भागत नाही. अणुभट्टी बंद केल्यावरही तिच्या गाभ्यात उष्णता निर्माण होतच राहते, आणि ती वाहून नेणारे पाणी पाइपमधूनच जाते. इमारत शाबूत आणि पाइप फुटलेला, हा सौदा कोणालाही परवडणारा नाही.

शिवाय या पाइपचे दुखणे वेगळे आहे. त्याला भूकंप थेट भेटतच नाही. तो चौथ्या मजल्याच्या छताला टांगलेला असतो. जमीन हलते ती आधी इमारतीला, आणि इमारत आपल्या आवडीचे ताल निवडून, मोठे करून पाइपपर्यंत पोचवते. हे निवडणे केवढे असू शकते? १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर भूकंप झाला. साडेतीनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या मेक्सिको सिटीचा काही भाग जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेला आहे. त्या गाळाचा ताल सुमारे दोन सेकंदांचा. तिथे जमिनीचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.१७ पटच होते, पण दोन सेकंद दोलनकालाच्या वस्तूला ते सुमारे १ पट भासले. मधल्या उंचीच्या, सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारती सर्वांत जास्त कोसळल्या; कितीतरी बुटकी घरे त्याच गाळावर उभी राहिली. गाळाने इमारतींना जे केले तेच इमारत पाइपला करते. म्हणून पाइपसाठी जमिनीचा वर्णपट उपयोगी नाही. ज्या मजल्याला तो बांधला आहे त्या मजल्याचा वर्णपट लागतो. त्यात इमारतीच्या दोलनकालापाशी एक उंच सुळका दिसतो. इमारतीचा हिशोब थोडा चुकीचा निघू शकतो, म्हणून अभियंते तो सुळका दोन्ही बाजूंना, बहुधा शेकडा पंधराने, रुंद करून घेतात. मला ही सवय आवडते. आपल्या अज्ञानाला आलेखात जागा देणारी विद्या खरी.

आता पाइपचा स्वतःचा ताल कसा बदलायचा? दोन आधारांमधले अंतर बदलून. पंधरा सेंटिमीटर व्यासाचा, साधारण सात मिलिमीटर जाडीचा, पाण्याने भरलेला पोलादी पाइप सहा मीटर अंतरावरच्या आधारांवर ठेवला तर तो सेकंदाला सुमारे दहा वेळा कंप पावतो. तेच आधार तीन मीटरवर आणले की कंपने सुमारे चाळीस होतात. अंतर निम्मे, वारंवारता चौपट. म्हणजे सुळक्यापासून पळून जाण्याचा सोपा मार्ग सापडला : आधार वाढवा, पाइप जखडून टाका!

थांबा. तुम्ही कधी साखर कारखाना पाहिला आहे? तेथे वाफेचा पाइप सरळ जाता जाता मध्येच उगाच वर चढतो, आडवा जातो आणि पुन्हा खाली येतो. तो वळसा उगाच नाही. ३० मीटर लांबीचा पोलादी पाइप ३० अंशांवरून २८० अंशांपर्यंत तापला तर जवळजवळ ९ सेंटिमीटरने लांब होतो. प्रसरणाचा गुणांक पुस्तकात आहे, स्वतः करून पाहा. त्याला दोन्ही टोकांना जखडले, तर पोलादात दर चौरस मिलिमीटरला ६०० न्यूटनांपर्यंत ताण येऊ पाहील. साधे पोलाद २५० च्या आसपासच हार मानते. म्हणजे भूकंप म्हणतो पाइप घट्ट धरा, आणि उष्णता म्हणते पाइप मोकळा सोडा. भूकंप आयुष्यात एकदा येईल किंवा येणारही नाही; पण केंद्र सुरू झाले, बंद झाले की उष्णतेची ओढाताण प्रत्येक वेळी ठरलेली.

यावर तोड म्हणून ‘स्नबर’ नावाचा आधार निघाला. मोटारीतला सुरक्षा-पट्टा सावकाश ओढला तर येतो आणि हिसका दिला तर अडतो, तसाच हा. सावकाश वाढणाऱ्या पाइपला जाऊ देतो, भूकंपाच्या हिसक्याला अडवतो. युक्ती छानच. पण अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात या युक्तीचा अतिरेक झाला. तो गणितातल्या एका गृहीतामुळे झाला आणि मला ती गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकावीशी वाटते.

डोलणारी वस्तू हळूहळू थांबते, कारण घर्षणाने ऊर्जा खर्च होते. याला अवमंदन म्हणतात. एकाच तालात सतत हलवत राहिले तर शेकडा २ अवमंदनाची वस्तू पायाच्या २५ पट डोलते, शेकडा ५ ची १० पट. भूकंप थोडा वेळच टिकतो म्हणून प्रत्यक्षात वाढ याहून बरीच कमी होते, पण कल येवढाच तीव्र. तेव्हाच्या अमेरिकी मार्गदर्शक नियमांत पाइपसाठी अवमंदन शेकडा १ ते ३ एवढेच धरायला सांगितले होते. ‘कमी धरा, म्हणजे सुरक्षित’ हा विचार. परिणाम काय झाला? कागदावरचे पाइप भयंकर डोलू लागले, आणि त्यांना आवरण्यासाठी एकेका केंद्रात शेकडो स्नबर बसले. स्नबर हे हलणारे यंत्र. ते तपासावे लागते, त्यातले तेल गळते, आणि कधी ते अडकूनच बसते. अडकलेला स्नबर म्हणजे पाइप कायमचा जखडलेला. न आलेल्या भूकंपाच्या भीतीने रोजच्या उष्णतेचा धोका वाढवून ठेवला होता! खऱ्या पाइपांवर चाचण्या घेतल्यावर अवमंदन जास्त असते असे दिसले, आणि १९८४ साली नियम सुधारला : सेकंदाला १० कंपनांपर्यंत शेकडा ५, पुढे उतरत २० कंपनांना शेकडा २. त्यानंतर अनेक केंद्रांतून स्नबर काढून टाकण्यात आले. ‘जास्त मजबूत ते जास्त सुरक्षित’ असे तुम्हाला कोणी सांगू लागला तर त्याला ही गोष्ट सांगा.

तरीही वर्णपट म्हणजे जादूची कांडी, असे मी म्हणणार नाही. मघाशी आपण ‘केव्हा झुकले ते विसरा’ म्हटले होते, त्याची किंमत मोजावी लागते. सतारीच्या तारेतून जसे एकाच वेळी अनेक स्वर निघतात, तसा पाइप अनेक प्रकारांनी एकदम कंप पावतो. वर्णपट प्रत्येक प्रकाराचे सर्वांत मोठे झुकणे वेगवेगळे देतो. समजा एकाचे ३ मिलिमीटर, दुसऱ्याचे ४. एकूण ७? पण दोघेही एकाच क्षणी टोकाला पोचतील असे थोडेच आहे? म्हणून वर्ग करून बेरीज करतात आणि वर्गमूळ काढतात. ९ आणि १६ मिळून २५, उत्तर ५. पायथागोरस येथेही भेटला म्हणून आनंद होतो खरा, पण हा सिद्धांत नव्हे, संभाव्यतेवर आधारलेला अंदाज आहे. दोन प्रकारांचे ताल अगदी जवळजवळ असले तर ते जोडीने डोलतात आणि हा अंदाज फसतो. मग वेगळे नियम लावावे लागतात. शिवाय वर्गमूळ नेहमी धन, त्यामुळे बल डावीकडे होते की उजवीकडे, हे कायमचे पुसले जाते. संगणक आज अशी बेरीज क्षणात करतो आणि सुबक छापून देतो. छापलेल्या आकड्यामागे काय पुसले गेले आहे, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातात तो द्यावा का, याबद्दल मी साशंक आहे.

आणखी एक गोष्ट वर्णपटात नसते. तुमच्या फळीवरच्या सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड पात्यांची टोके गव्हाच्या वाळक्या काडीने जोडा आणि फळी हलवा. काडी मोडेल. ती स्वतः डोलून मोडत नाही. तिची दोन टोके वेगवेगळी सरकली म्हणून मोडते. एका इमारतीतून दुसरीत जाणाऱ्या पाइपची हीच स्थिती असते, आणि त्याचा हिशोब निराळा करावा लागतो.

१६ जुलै २००७ रोजी जपानमधल्या काशिवाझाकी-कारिवा अणुवीजकेंद्राजवळ ६.६ महत्तेचा भूकंप झाला. पहिल्या अणुभट्टीच्या इमारतीच्या जोत्यावर आराखड्यात दर सेकंद-वर्गाला २७३ सेंटिमीटर त्वरण धरले होते. प्रत्यक्षात ६८० नोंदले गेले. अडीचपट! चालू असलेल्या अणुभट्ट्या आपोआप बंद झाल्या आणि आतली सुरक्षेची यंत्रणा, पाइप धरून, अपेक्षेपेक्षा पुष्कळ चांगल्या स्थितीत आढळली. रुंद केलेले सुळके, हात राखून धरलेले अवमंदन आणि पोलादाचा लवचिकपणा हे सगळे तेथे कामी आले. त्याच वेळी बाहेर काय झाले? तिसऱ्या भट्टीजवळची जमीन खचली, तेथल्या रोहित्राने पेट घेतला, आणि आग विझवायला गेलेल्यांना पुरेसे पाणी मिळेना, कारण जमिनीखालचे अग्निशमनाचे पाइपही फुटले होते. आग दोन तास चालली. ज्या पाइपांचा मजल्यामजल्याने हिशोब झाला होता ते टिकले. ज्यांची टोके खचत्या मातीने वेगवेगळी ओढली, ते गेले.

आणि फुकुशिमा? तेथे ११ मार्च २०११ ला भूकंपाने बाहेरून येणारी वीज तोडली, पण आणीबाणीची विद्युतजनित्रे चालू झाली होती. ती बंद पाडली त्सुनामीच्या पाण्याने. लाटेला वर्णपटात जागा नसते. ती वेगळी विचारावी लागते.

तेव्हा मित्रहो, शाळेच्या सहलीत एखादे वीजकेंद्र किंवा कारखाना पाहायला गेलात, आणि माहिती देणारे गृहस्थ “आमचे केंद्र इतके रिश्टर सहन करते” असे म्हणाले, तर नम्रपणे डोक्यावरच्या एखाद्या पाइपकडे बोट दाखवा. साहेब, याचा दोलनकाल किती? तो ज्या मजल्याला टांगला आहे त्या मजल्याचा सुळका कोठे येतो? हा तापतो तेव्हा कोणीकडे सरकतो? आणि पलीकडच्या इमारतीत शिरतो तेथे त्याला वळसा दिला आहे का? चांगला अभियंता असेल तर त्याचा चेहरा उजळेल, आणि तुमची बस चुकेपर्यंत तो बोलत राहील.